पायांवर जगणारी वाट

मुलांनो, तुमच्या शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात ते सगळं हिरवं होतं, पण फाटकापासून पाण्याच्या नळापर्यंत एक तिरकी मातकट रेघ उघडीच राहते. ती कोणी आखलेली नसते. शिपाईकाका रोज सांगतात की बाजूच्या फरशीवरून जा, आणि तुम्ही रोज तिरके जाता, कारण तहान लागलेली असते. तुमच्या पायांखाली गवत मरतं आणि वाट तयार होते.

आता याच्या उलट कल्पना करा. असं एक गवत, जे पाय पडले तरच जगतं. मला घाई नाही, सावकाश करा. जिथे माणसं रोज ये-जा करतात तिथे ते दाट आणि लुसलुशीत. जिथून जायचं लोकांनी सोडलं तिथे पंधरवड्यात पिवळं, दीड-दोन महिन्यांत काळं. अशा गवताचा रस्ता एखाद्या शहरात केला तर तो कुठे जाईल? जिथे पाय जास्त तिथे, असं तुम्ही लगेच म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण जिथे पाय कमी तिथल्या माणसांचं काय होईल, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तो विचारायला हेमांगी तांडेल या फार हुशार बाईलासुद्धा उशीर झाला. ही गोष्ट तिची आहे, आणि ती अजून घडायची आहे. वीस-पंचवीस वर्षं पुढे या माझ्याबरोबर.

खाडीकाठी एक शहर आहे. नाव तुम्हाला आवडेल ते द्या. अर्धं शहर टेकडीवर चढलेलं, अर्धं उतरणीवरून खाडीकडे सांडलेलं. सगळ्यात खाली, समुद्र आणि खाडी यांच्या मधे, वाळूची एक चिंचोळी जीभ पुढे गेली आहे. तिला दांडा म्हणतात. दांड्यावर मासेमारी करणाऱ्यांची बासष्ट घरं. हेमांगीचा जन्म त्यातल्याच एका घरातला.

तिच्या लहानपणी उधाणाचं पाणी दगडी बांधाच्या तिसऱ्या थराला लागून परत जायचं. ती शिकून नोकरीला लागली तोवर ते सातवा थर ओलांडून लोकांच्या चुलीत यायला लागलं होतं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा चढत होता आणि बांध होता तेवढाच होता. समुद्राबरोबर उंच व्हायचं तर बांध जिवंतच हवा, हे हेमांगीच्या डोक्यात बसलं ते तेव्हा.

तिने आणि तिच्या सोबत्यांनी प्रयोगशाळेत एक गोधडी तयार केली. खरी गोधडी नव्हे, तीन जिवांची. वरच्या थरात खारं पाणी सोसणारं, जमिनीसरसं पसरणारं गवत. मधल्या थरात बुरशीचे पांढरे तंतू, एकमेकांत गुंतलेले, स्पंजासारखे पोकळ. खालच्या थरात असे जिवाणू, जे वाळूचे कण चुन्याने एकमेकांना चिकटवतात, शिंपला आपलं कवच करतो तसे. ही गोधडी वाळूवर अंथरली की खाली हळूहळू दगड होत जातो आणि वरून ती वर्षाला दोन बोटं उंच होते.

अडचण एकच होती. खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून तर खारफुटीची झाडं आपली मुळं नाकासारखी चिखलाबाहेर काढतात. या गोधडीला नाक नव्हतं. तिचा श्वास कोणीतरी चालवायला हवा होता.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल, निदान चित्रात. दाबला की हवा बाहेर, सोडला की आत. हेमांगीने मधला थर असाच भात्यासारखा केला. माणसाचा पाय पडला की जुनी हवा निघून जाते, पाय उचलला की ताजी आत ओढली जाते. ओल्या गोधडीवरून कोणी चाललं की पावलाशेजारी बारीक बुडबुडे उठतात. बुडबुडे दिसले की वाटेने श्वास घेतला असं समजायचं. यंत्राचे दणके देऊनही पाहिले, पण तंतू तुटले. मोठ्या माणसाचं वजन आणि माणसाची चाल, हेच तिला मानवत होतं.

शहराला हे फार आवडलं. अकरा किलोमीटरची हिरवी वाट ठरली. टेकडीवरच्या नव्या वसाहतीतून निघायचं, दवाखान्यावरून तांबट आळीत, तिथून बाजारात, बाजारातून धक्क्यावर आणि धक्क्यावरून थेट दांड्याच्या टोकापर्यंत. वाहनांना बंदी. दोन्ही बाजूंना करंज आणि उंडीची सावली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या आळ्या पायांनी जोडल्या जाणार होत्या. गोधडीखालून गोड्या पाण्याच्या बारीक नळ्या नेल्या होत्या आणि कुठे किती पाणी सोडायचं ते कचेरीतला संगणक पायांचा हिशेब बघून ठरवणार होता.

दांड्यावर मात्र आधी जुना दगडी बांध काढावा लागणार होता. मुळांना खाली जायला जागा हवी होती. त्यावरून हेमांगीचं आणि तिच्या आईचं वाजलं.

तिची आई वनिताबाय म्हणाली, "ते दगड तुझ्या बापाने डोक्यावरून वाहिलेत."

"आये, दगड वाढत नाहीत. पाणी वाढतंय."

"वाढत नाय, पण मरत पन नाय," वनिताबाय म्हणाली. "तुझं ते गवत मेलं म्हंजे?"

"मी आहे ना."

"तू टेकडीवर हायस."

बांध निघाला. त्या दिवसापासून मायलेकी एकमेकींशी बोलायच्या त्या हेमांगीच्या दहा वर्षांच्या मुलीकरवी, शार्वीकरवी. आजीला सांग औषध घे म्हणावं. आईला सांग सुकट पाठवलीय म्हणावं.

वाटेचं उद्घाटन दांड्यावरच झालं. गवत अजून उगवलं नव्हतं. ओल्या वाळूवर पांढऱ्या तंतूंची लांबच लांब जाळी पसरलेली होती, उन्हात चमकत होती. दांड्यावरच्या बाया पदर खोचून कडेला उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. हेमांगीने भाषण केलं. हवेबद्दल बोलली, चुन्याबद्दल, समुद्राबद्दल, ही वाट जिवंत आहे याबद्दल. हिच्यावरून चाला, एवढं मात्र तिने सांगितलं नाही. वाटेवरून चाला असं कोणी सांगतं का? वाट कशासाठी असते हे माणसांना ठाऊकच असतं, असं तिला वाटलं.

पुढे पाच महिने वाट बहरली. टेकडीवर ती पसरत तिप्पट रुंद झाली. सकाळी फिरायला येणारे, बाळगाड्या ढकलणारे, कॉलेजची पोरं. पायांना तोटाच नव्हता. बाजारातल्या भाजीवाल्या म्हणायच्या, गुडघे दुखायचे थांबले. दुसऱ्या शहरांची माणसं बघायला यायची.

श्रावण सरता सरता वाटेच्या कामाचे प्रमुख पेठकरसाहेब यांनी हेमांगीला भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर बोलावलं. सगळी वाट हिरवी दिसत होती. धक्क्यापुढचा तुकडा पिवळा होता.

"हेमांगी, तुझं माहेर रुसलंय वाटतं," पेठकर म्हणाले. "दिवसाला चाळीस पावलं. त्यातली निम्मी कुत्र्यांची असतील."

हेमांगी हसली नाही. "त्यांना दगड हवे होते."

"मग पाणी तरी कशाला वाया घालवायचं? तांबट आळीत वाट पसरायला बघतेय आणि पाणी कमी पडतंय. नियम तुझाच आहे. तीस दिवस पावलं कमी, तर पाणी शेजारच्या तुकड्याला."

नियम तिचाच होता. शेवटची मंजुरी मात्र संगणकाची नव्हे, माणसाची असावी, असंही तिनेच लिहिलं होतं, आणि तो माणूस म्हणजे तीच होती. तिने ठरवलं असतं तर थांबवता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आईचे ते घट्ट मिटलेले ओठ आले. एवढं सगळं ज्यांच्यासाठी केलं ते मुद्दाम वाटेवर पाय ठेवत नाहीत. जरा वाळू दे. वाळलं की येतील विचारायला.

तिने पडद्यावर अंगठा टेकवला. दांड्याचं पाणी बंद झालं.

गणपतीच्या सुट्टीत शार्वी आजीकडे गेली. गौरी गेल्यावर भावेशमामा तिला टेकडीवर सोडून गेला. भावेश म्हणजे हेमांगीचा धाकटा भाऊ, त्याची स्वतःची होडी होती. त्या दिवशी जेवताना शार्वी सहज बोलून गेली.

"आई, आजी मला ओरडली."

"का गं?"

"मी वाटेवर पळत होते. ती म्हणाली, उतर खाली, पाय लागेल. तिकडे कोणीच वाटेवर जात नाही. सगळे बाजूच्या वाळूतून जातात. आजी वाट रोज झाडते, आणि शुक्रवारी हळदकुंकू वाहते. पण वाट पिवळी पडलीय. आजी म्हणाली, कोणीतरी विटाळली असेल."

हेमांगीचा घास हातातच राहिला.

तिला ठाऊक होतं. दांड्यावर वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. वाळूत वाळत घातलेलं जाळं ओलांडायचं नाही. त्यावर पाय द्यायचा नाही, कितीही घाई असली तरी वळसा घालून जायचं. ज्याच्यावर पोट आहे त्याला पाय लावायचा नाही. हेमांगी स्वतः चौदा वर्षांची होईपर्यंत असेच वळसे घालत शाळेत गेली होती. आणि उद्घाटनाच्या दिवशी, उन्हात चमकणाऱ्या त्या पांढऱ्या तंतूंसमोर, त्या बाया कशा उभ्या होत्या हे तिने पाहिलं होतं. पाहूनही तिला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दांड्यावर उतरली. टोपल्या घेतलेल्या बाया एकामागून एक वाळूतून येत होत्या, घोट्यापर्यंत पाय रुतत होते, आणि त्यांच्या शेजारीच, हातभर अंतरावर, वाट पडली होती. स्वच्छ झाडलेली. कडेने शिंपल्यांची रांग लावलेली. मधे मधे कुंकवाची बोटं. आणि ती मरत होती. हेमांगीने टाचेने दाबून वाकून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. कडेची वाळू चिमटीत धरली तर भुरभुर गळाली.

वनिताबाय खळ्यात जाळं सांधत बसली होती. घराजवळच्या, जाळी वाळवायच्या त्या मोकळ्या जागेला लागूनच वाट जायची.

"आलीस का," ती म्हणाली. आठ महिन्यांनी ती लेकीशी थेट बोलत होती. "बघ गो काय झालंय हिला. आम्ही जपली. पोरांना चढू दिली नाय. गोडं पाणी घातलं कळशीने. तरी पिवळी पडली."

हेमांगी खाली वाळूत बसली आणि तिने सगळं सांगितलं. भाता, हवा, पाय. वनिताबाय ऐकत होती. आजूबाजूच्या बायाही जमल्या.

"म्हंजे पाय द्यायचा होता?" एकीने विचारलं.

"हो, मावशी."

"मग सांगायचं नाय काय तेवा? माइकवर तास घातलास."

कोणी हसलं नाही. हेमांगीने पुढचंही सांगितलं. "आये, पाणी मी बंद केलंय. मला वाटलं तुम्ही रागाने चालत नाही."

वनिताबायने जाळ्यातली सुई बाजूला ठेवली. "तू सही केलीस?"

"हो."

"जाऊन विचारावं, असं वाटलं नाय?"

वनिताबायने सुई पुन्हा उचलली आणि जाळ्यात खोचून ठेवली. तिने माफ केलं असं समजू नका. तसं काही ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ती म्हणाली, "आता काय करायचं ते सांग."

बावीस दिवसांनी भाद्रपदातली अमावास्या होती. त्या दिवशी वर्षातलं मोठं उधाण. गोधडीची मुळं पुन्हा धरायला सहा आठवडे तरी लागतात. हेमांगी कचेरीत गेली. पेठकर म्हणाले, "पंधरा दिवसांची पावलं दिसू देत, पाणी आपोआप सुटेल. तुझ्या माहेरासाठी नियम वाकवला तर उद्या तांबट आळी दारात उभी राहील." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या नकाशावर दांडा अंगठ्याएवढा होता, इतकंच.

दगड परत आणावेत तर ते टेकडीवरच्या बागेत बसायच्या कट्ट्यांसाठी कधीच वापरले गेले होते.

मग दांडा चालायला लागला. भावेशने होड्या वाळूवर ओढून घेतल्या. सकाळी बाप्ये, दुपारी म्हातारे, संध्याकाळी शाळेतून आलेली मोठी पोरं. टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी सगळे लाजत होते. तिसऱ्या दिवशी गप्पा सुरू झाल्या.

"एवढं सरळ चाललो असतो तर गोव्याला पोचलो असतो," भावेश म्हणाला.

"लग्नाला तीस वर्षं झाली, माझा नवरा माझ्याबरोबर एवढा कधी फिरला नाय," मागून एक बाई म्हणाली, आणि तिचा नवरा लगबगीने चार पावलं पुढे झाला.

सातव्या दिवशी मधल्या पट्टीवर पहिले बुडबुडे उठले. शार्वी शाळा सुटली की आईबरोबर खाली यायची. बुडबुडे पाहून ती पोटावर झोपली आणि कान लावून ऐकत बसली.

वनिताबाय मात्र वाटेवर चढली नाही. तिच्यासारख्या आणखी चौघी होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांना समजावून झालं. भावेशने आवाजही चढवला.

"समजलं रे मला," वनिताबाय म्हणाली. "मी काय अडाणी हाय? डोक्याला समजलं. पाय उचलत नाय त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्या पाचजणी खळ्याजवळ वाळूत गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात वाटेवर ठेवले. भाकरी थापताना देतात तसा दाब दिला, उचलला, पुन्हा दिला. अंगाचा भार हातांवर घेऊन. हेमांगी वाकून बघत राहिली. बोटांच्या फटीतून बुडबुडे आले.

"हात चालतो ना?" वनिताबायने विचारलं.

"चालतो, आये."

"मग झालं."

त्या दिवसभर दाबायच्या. मनगटं सुजली तेव्हा त्यांनी फडकी बांधली. रोज थोडं थोडं पुढे सरकत अमावास्येपर्यंत त्यांनी खळ्यापासून धक्क्यापर्यंतची चाळीस पावलांची वाट हातांनी जगवली. सोळाव्या दिवशी पाणी सुटलं. नळ्यांचा खळखळ आवाज आला तेव्हा माणसं चालायची थांबून ऐकत उभी राहिली. हेमांगीला वाटलं, कदाचित. तिने तो शब्द मोठ्याने उच्चारला नाही.

अमावास्येला भरती दुपारी बाराच्या पुढे होती. शार्वीला सुट्टी होती, ती सकाळीच आईबरोबर खाली आली होती. आदल्या दिवसापासून समुद्रात वादळ होतं. ते किनाऱ्याला येणार नव्हतं, पण त्याने पाणी पुढे लोटलं होतं. अकरा वाजताच लाटा टोकाकडची गोधडी उचलायला लागल्या. हेमांगीने पाहिलं आणि तिला चूक कळली. माणसं चालतात ती मधून. वीस दिवस हजारो पावलांनी मधली पट्टी जगवली होती. कडा कोरड्याच राहिल्या होत्या. आणि समुद्र खातो तो कडेनेच.

"सगळे वर चला," ती ओरडली. "काही घेऊ नका. धक्क्यावर चला."

लोक निघाले. पोरं काखेत, म्हातारे पाठीवर. कोणी सांगायची गरज नव्हती, सगळे वाटेवरूनच धावत होते, कारण पायाखाली घट्ट होतं ते तेवढंच. शार्वीचा हात हेमांगीच्या हातात होता. भावेश घराघरांत डोकावून शेवटची माणसं बाहेर काढत होता. वनिताबाय सर्वांत मागे होती, शेजारणीला पुढे घालून येत होती.

हेमांगीने मागे वळून पाहिलं. शेजारीण वाटेवरून येत होती. तिची आई वाटेच्या बाजूने, वाळूतून धावत होती. एका हाताने लुगडं धरलेलं, पाय रुतताहेत, तरी बाजूनेच. घाईत माणसाचे पाय डोक्याला विचारत नाहीत. साठ वर्षं ते जसे वळले होते तसेच वळले होते.

"आये, वाटेवर ये. वर ये."

वनिताबायने ऐकलं. तिने खाली वाटेकडे पाहिलं. पाऊल उचललंही. ते तसंच अर्धं हवेत राहिलं, डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ, आणि दुसऱ्या पायाखालची वाळू निघून गेली. आवाज झाला नाही. पोत्यातून धान्य सरकावं तशी वाळू सरकली आणि तिथे पाणी आलं.

भावेशने उडी टाकली. त्याला दोघांनी दोर टाकून वर ओढलं तेव्हा त्याच्या मुठीत काही नव्हतं. हेमांगीने शार्वीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं, पण तोवर शार्वीने सगळं पाहिलेलं होतं.

वनिताबाय दोन दिवसांनी पलीकडच्या काठावर खारफुटीत सापडली.

बासष्टांपैकी अकरा घरांच्या भिंती राहिल्या. दांडा मधे तुटला, टोकाकडची वाळू समुद्रात गेली. लोकांना तांबट आळीमागच्या इमारतीत खोल्या मिळाल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर. होड्या धक्क्याला बांधल्या. टेकडीवर वाट आणखी हातभर रुंद झाली होती, कारण पावसाने उघडीप दिली आणि लोक पुन्हा फिरायला निघाले.

एक गोष्ट मात्र राहिली. पाचजणींनी हातांनी जगवलेला चाळीस पावलांचा तुकडा तुटला नव्हता. हातांनी कड सोडली नव्हती, अगदी किनारीपर्यंत दाब दिला होता. तिन्ही बाजूंना पाणी, एका बाजूने धक्क्याला धरून, तो तसाच उभा होता.

पेठकर येऊन बघून गेले. ते हेमांगीशी फार हळू आवाजात बोलले. "हा भाग धक्क्यापाशीच थांबवावा लागेल. पुढे घरंच नाहीत, पाय कुठून येणार? तीस दिवस बघू. नियमाप्रमाणे."

हेमांगीने मान हलवली. तिने चालायला सुरुवात केली असती, पण वाटेवर पाय ठेवला की तिला आईचं ते अर्धं उचललेलं पाऊल दिसायचं आणि ती मागे फिरायची. दांड्याची माणसंही येत नव्हती. त्या तुकड्याकडे बघायचीसुद्धा त्यांची तयारी नव्हती. चौघी म्हाताऱ्या चौथ्या मजल्यावर होत्या, आणि त्यांचे हात अजून फडक्यात होते. बारा दिवसांत तुकड्याची किनार पिवळी झाली.

तेराव्या दिवशी धक्क्यावर जेवणं झाली. माणसं पांगली. हेमांगी पायरीवर बसून होती, भावेश भांडी गोळा करत होता. तेव्हा शार्वी शाळेतून परस्पर आली, गणवेशात, पाठीला दप्तर. ती आईपाशी थांबली नाही. सरळ त्या तुकड्यापाशी गेली आणि उकिडवी बसून किनार बघत राहिली.

मग तिने चपला काढल्या आणि वाटेवर चढली. मधे नाही, अगदी कडेला. पाऊल ठेवलं, वाकून पाहिलं. बुडबुडा नव्हता. दोन्ही पायांनी उडी मारली. पुन्हा पाहिलं. नाही.

हेमांगीला माहीत होतं, येणारच नाही. भाता मोठ्या माणसाच्या वजनाचा केलेला होता आणि शार्वी सव्वीस किलोंची होती. हाक मारून सांगावं म्हणून ती उठली.

शार्वी खाली उतरली होती. तिने दप्तर काढून त्यातली पुस्तकं, वह्या, डबा एकेक करून धक्क्याच्या कोरड्या दगडावर रचून ठेवलं. रिकामं दप्तर घेऊन ती पाण्यापर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी ओली वाळू त्यात भरायला लागली. काठोकाठ भरलं. उचलायला गेली तर उचलेना. तिने चार ओंजळी वाळू काढून टाकली, पुन्हा उचलून पाहिलं, आणखी दोन काढल्या. मग खाली बसून पट्टे खांद्यांत अडकवले, एक हात जमिनीवर टेकवला आणि डुलत डुलत उभी राहिली.

ती वर चढली. कडेवर एक पाऊल ठेवलं आणि खाली पाहत थांबली. मग दुसरं ठेवलं.